तिसरं बरोबरचं चिन्ह

इस्पितळाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या शेजारच्या बिनखिडकीच्या खोलीत मास्तर बसायचे. ते कधीच शाळेत शिकवायला नव्हते. पण कोणी काही विचारलं की खुर्ची वळवून धडाच सुरू करायचे, म्हणून ते मास्तर. पेशंटचे रिपोर्ट डॉक्टरांना पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम त्यांनी एकट्याने, पुस्तकं वाचून वाचून लिहिला होता. अकरा वर्षं तो बिनबोभाट चालला आणि त्याचा त्यांना चांगलाच ताठा होता.

हाताखाली नवीन आलेल्या मुलींना ते पहिल्या दिवशी बरोबरची (=) चिन्हं शिकवत. एक चिन्ह दिलं, की प्रोग्राम चालवणारा सर्व्हर उजवीकडची वस्तू डावीकडच्या डब्यात ठेवतो. दोन दिली, की दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते बघतो, पण जरा समजुतीने. आकड्यासारखं जे दिसेल ते आकडाच धरून चालतो. तीन दिली, की अक्षरन् अक्षर ताडून पाहतो. "तिसरं चिन्ह संशयी सासूसाठी," मास्तर म्हणत. "आपलं दोनात भागतं." मुली हसायच्या. त्यांच्या सबंध प्रोग्रामात तिसरं चिन्ह औषधालासुद्धा सापडलं नसतं.

मग तळमजल्यावर ई वॉर्ड उघडला. चारच खाटा. मजल्याचा आकडा, वॉर्डचं इंग्रजी अक्षर आणि पेशंटचा क्रमांक अशी नमुन्याच्या बाटलीवरच्या चिठ्ठीची पद्धत जुनीच होती. तळमजला म्हणजे शून्य. दोन महिने त्या वॉर्डातून दिवसाला एखादाच नमुना यायचा. एका सकाळी दोन आले, 0E12 आणि 0E13. दुसरा एका तरुण बाईचा होता, दोन मुलांची आई. पडद्यावर तिचा रिपोर्ट साफ निघाला, म्हणून तिला घरी सोडलं. तिसऱ्या दिवशी तिला परत आणलं तेव्हा जंतुसंसर्ग रक्तात भिनला होता. ती संध्याकाळपर्यंत गेली.

चौकशीत दोन्ही रिपोर्ट शब्दशः एकच निघाले. सगळ्यांनी प्रयोगशाळेतल्या ताईंकडे बोट दाखवलं. ताईंची सव्वीस वर्षं नोकरी, बाटलीला हात लावण्याआधी चिठ्ठी दोनदा वाचणारी बाई. एकच निकाल दोनदा भरला, असं ठरलं. अधीक्षकांनी मास्तरांना विचारलं, "तुमच्या प्रोग्रामात तर काही नाही ना?"

मास्तरांनी मान वर न करता सांगितलं, "साहेब, मशीन चुकत नसतं. माणसं चुकतात."

ताईंना घरी बसवलं.

दोन आठवड्यांनी मास्तर सहज सर्व्हरवरच्या जुन्या मूळ नोंदी चाळत होते. 0E13 पुढे ताईंनी भरलेला निकाल त्यांना दिसला. तो अगदी योग्य होता. धोक्याचा आकडा तिथे बिचारा गुपचूप बसून होता. त्यांनी एक ओळ लिहून सर्व्हरलाच विचारलं: 0E12 आणि 0E13 सारखे आहेत का? उत्तर आलं, हो.

मधला E सर्व्हरने, मोठे आकडे लिहिताना वापरतात तसा, दहाच्या घाताचा धरला होता. शून्य गुणिले दहाचा बारावा घात, शून्य. तेरावा घात, तरी शून्य. शून्य आणि शून्य सारखेच, म्हणून त्या दिवसाच्या यादीत सापडला तो पहिला रिपोर्ट दोघींना दिला. तळमजल्याच्या ई वॉर्डातले सगळे पेशंट त्यांच्या प्रोग्रामच्या लेखी एकच माणूस होते. मास्तरांनी दोन चिन्हांपुढे तिसरं टाकलं. एक बटण दाबायचं काम होतं. दाबलं आणि ते गप्प बसले.

निवृत्तीला दोन वर्षं होती, आणि भीती कोणाला चुकते? उद्या सांगू, परवा सांगू असं करत नऊ दिवस गेले. घास तोंडात फिरायला लागला तेव्हा बायकोने खनपटीला बसून सगळं काढून घेतलं. ऐकून ती ताटावरून उठली. म्हणाली, "आणि तुम्ही इथे बसून जेवताय?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच मास्तर अधीक्षकांच्या नावे लिहिलेला कबुलीचा कागद घेऊन ताईंच्या घरी गेले. अधीक्षकांना देण्याआधी तो ताईंना दाखवायचा होता. दार ताईंनीच उघडलं. महिनाभरात बाई अर्ध्या झाल्या होत्या. मास्तर काही बोलायच्या आतच त्या म्हणाल्या, "मी लिहून दिलं हो मास्तर. माझ्याच हातून झालं. आता आठवतंय मला सगळं. फोन वाजला, मी उठले, आणि परत येऊन तोच निकाल पुन्हा भरला."

"नाही भरलात, ताई. मी नोंद बघितलीय."

आत येऊन बसल्यावर त्यांनी कागद पुढे केला. ताईंना समजवायला वेळ लागला नाही. त्यांची हयात जंतूंची संख्या दहाच्या घातात लिहिण्यात गेली होती. दोन्ही क्रमांकांवरून त्यांचं बोट एकदा फिरलं आणि थांबलं.

"शून्यच की," त्या म्हणाल्या. "मला विचारलं असतंत तर मी उभ्या उभ्या सांगितलं असतं."

मास्तरांना स्वतःची शरम वाटली, इतकी की खुर्चीत बसवेना.

"कधी कळलं तुम्हाला?"

"दहा दिवस झाले."

ताईंनी कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. त्या रडल्या असत्या तर मास्तरांना सोपं गेलं असतं.

"परवा मी त्या पोरीच्या आईकडे गेले होते," त्या म्हणाल्या. "सांगितलं तिला, तुमची लेक माझ्या हातून गेली. म्हातारीने आधी हाकलून दिलं. मी दारातच बसून राहिले. मग तिने आत घेतलं, पाणी दिलं. धाकटं नातवंड माझ्या मांडीवर दिलं. म्हणाली, कबूल करायला आलीस, एवढं तरी कोण करतं."

"मी आज साहेबांना कागद देतो, ताई. तुमची नोकरी..."

"साहेबांना द्याच."

त्यांनी मास्तरांच्या खिशातलं पेन काढून घेतलं, आणि त्याच कागदाच्या मागे, चिठ्ठीवर लिहायच्या तसल्या सुबक अक्षरात त्या म्हातारीचा पत्ता लिहिला.

"पण आधी इथे जा," त्या म्हणाल्या. "दुपारी ती पोरांना झोपवते. तेव्हा नका जाऊ."