गाईची चपाती

बेंगळुरात इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये मी चपात्या लाटते. आठवीत शाळा सुटली, मग खानापूरकडचं गावही सुटलं. इथे मॅनेजर साहेबांनी कसलाही दाखला मागितला नाही, "लाटून दाखव" म्हणाले आणि कामावर घेतलं. ते उपकार मी विसरलेले नाही. म्हणूनच त्या दिवसांत जीव टांगणीला लागला होता, कारण राजीनामा दे म्हणून सांगत होते ते साहेबच.

झालं होतं ते असं. आमच्या घरी तव्यावरची पहिली भाकरी गाईची. भूक लागलेलं पोरसुद्धा ती मागत नाही. कॅन्टीनमध्येही माझा हात तसाच चालायचा. तवा तापला की पहिली चपाती काढायची, मागच्या गेटबाहेर गाय उभी असायची तिला घालायची, मग कामाला लागायचं. आधी विचारायला हवं, हे कधी सुचलंच नाही. गाईचं काय विचारायचं? पुढे सुरक्षेचं कंत्राट बदललं. नव्या गार्डने लिहून दिलं, कॅन्टीनचं अन्न पासशिवाय बाहेर नेलं. नोटीस आली ती चोरीचीच. सोमवारी चौकशी.

साहेबांनी बाजूला घेतलं. "हे बघ, चौकशीला गेलीस तर कागदावर चोरी चढेल. त्याआधी राजीनामा दे. अनुभवाचं पत्र मी देतो, दुसरीकडे शब्दही टाकतो." बोलण्यात माया होती. मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, माझं मलाच कळलं नाही.

संध्याकाळी आनेकलच्या बसमध्ये अक्काला सांगितलं. अक्का कॅन्टीनमध्ये भाजी चिरते. तिच्या घरचे पिढ्यानपिढ्या बेंगळुरातले मराठी, त्यामुळे मला ती कानडीतल्यासारखं 'तंगी' म्हणते, धाकटी बहीण.

"मग देतेस राजीनामा?"

"साहेबांचा शब्द कसा मोडू, अक्का? त्यांच्यामुळे दोन घास खाते मी."

"साहेब चांगले, सरी, कबूल. पण तू गेलीस की त्यांची कटकट मिटेल. तुझी?"

"आणि नोकरी गेली तर?"

"राजीनामा दिल्यावर राहणार आहे होय?" अक्का हसली. "साक्षीला गाय घेऊन ये. खाल्लंय तिनं."

मला हसू आलं नाही. खोलीवर आल्यावर घरी काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करत बसले. काम सोडलं म्हणावं, तर आई विचारणार, का गं? तिथेच अडायला व्हायचं. गाईला घालायला तिनंच शिकवलेलं. राजीनामा दिला तर कॅन्टीनमध्ये मला कुणी काही विचारणार नाही, आणि न विचारताच मी चोर होऊन बसेन. मनाशी पक्कं झालं.

सकाळी साहेबांसमोर उभी राहिले. "साहेब, तुमचे उपकार आहेत. पण राजीनामा देणार नाही. काय ते मला विचारू देत."

"हट्टी आहेस."

"तुम्हीच घेतलंय की हो कामावर."

साहेब हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत.

सोमवारी शेजारी अक्काला बसू दिलं. चौकशीच्या बाईंनी कानडीत विचारलं, "चपाती नेलीत?"

"रोज नेली."

"लपवून?"

"मॅडम, तव्यावरची चपाती लपवता येत नाही. अंग भाजतं." आणि मी या हातातून त्या हातात उडवत कशी न्यायची, ते करून दाखवलं. बाईंनी गार्डकडे बघितलं.

"हातातच होती," तो खाली बघत म्हणाला. "जाताना 'जाते हं अण्णा' म्हणायच्या."

नोटिशीतून चोरी हा शब्द काढून टाकला. नियम मोडल्याची लेखी ताकीद मिळाली, ती मी घेतली. नियम मोडलाच होता.

आता गाईची चपाती घरूनच करून आणते, माझ्या पिठाची. गेटवर फडकं सोडून दाखवते.

"गाईची?" गार्ड विचारतो.

"गाईचीच, अण्णा."

गारढोण असते, पण गाय कुरकुरत नाही. कॅन्टीनमधली पहिली चपाती आता डब्यात पडते. ती टाकताना हात अजून जरासा दाराकडे वळतो, मग मी पुढचा गोळा घेते.