सुईदोऱ्याचं पोस्टर

“ह्यो हात माझा हाय, बघ!” कोळवणच्या समाजमंदिरात पोस्टरसमोर उभी राहून एक आजी शेजारणीला सांगत होती. आमच्या छोट्या संस्थेच्या मागच्या डोळे तपासणीला चारच माणसं आली होती. पुन्हा तसंच झालं असतं, तर डॉक्टर परत येणार नव्हते. डिझायनर परवडत नव्हता, म्हणून मोबाईलवरच्या फुकट ॲपमध्ये मीच पोस्टर केलं होतं: पुढाऱ्यांच्या चेहऱ्यांऐवजी सुईत दोरा ओवू पाहणारा याच आजींचा हात आणि खाली, “दोरा जात न्हाई? मग या.” आता रांग पायऱ्यांपर्यंत गेली होती. “पुण्याच्या कुणा मोठ्या माणसानं केलं आसंल,” शेजारीण म्हणाली. अनोळखी माणसांसमोर माझं मराठी अडखळायचं, म्हणून मी गप्पच राहायचे. तरी आजही नवं पोस्टर करायला घेतलं की तेव्हाचा माझाच मोठा आवाज ऐकू येतो, “नाही हो मावशी, मी केलंय.”