मामे अचियाचे आठ जण

हॅम्बर्गमध्ये राहणाऱ्या घानाच्या आकान लोकांच्या संघाला तीस वर्षं झाली म्हणून पुस्तिका काढायचं ठरलं, आणि पुढाऱ्यांचे परिचय लिहायचं काम अदोमाकोच्या गळ्यात पडलं. तो संघाचा चिटणीस. घानात दोन वर्षं शाळामास्तर होता, त्यामुळे कुणाचाही सरकारी अर्ज असो, लोक त्याच्याच दारात यायचे.

परिचय लिहायची हातोटी त्याला लगेच साधली. अध्यक्ष टॅक्सी चालवायचे, ते झाले 'वाहतूक व्यावसायिक'. खजिनदारबाई लोकांच्या वेण्या घालायच्या, त्या झाल्या 'सौंदर्य उद्योजिका'. तो स्वतः बंदराजवळच्या गोदामात खोकी उचलायचा. स्वतःच्या नावापुढे त्यानं 'मालवाहतूक नियोजन' असं लिहिलं आणि दोनदा वाचून पाहिलं. कुणाची हरकत आली नाही. अध्यक्षांनी तर आपला परिचय घानात कुमासीला फोन लावून बहिणीला ऐकवला म्हणे.

राहिली मामे अचिया. मामे म्हणजे आई, सगळे तिला तेच म्हणत. महिला शाखेची प्रमुख, वय बहात्तर. अदोमाको वही घेऊन तिच्या घरी गेला. तिनं रीतीप्रमाणे आधी पाणी दिलं, तो पिऊन होईपर्यंत थांबली आणि मग विचारलं, "बोल, काय काम काढलंस?"

"पुस्तिकेत तुझी माहिती द्यायचीय, मामे."

"लिही की मग. सत्तावीस वर्षं मोठ्या स्टेशनातले संडास धुतले."

अदोमाकोनं पेनाला टोपण लावलं.

"असं नाही लिहीत, मामे. बाहेरचे पाहुणे येणार, नगरसेविका येणार."

"त्या संडासाला जात नाहीत?"

"तसं नाही गं. जरा बऱ्या शब्दांत लिहावं लागतं."

"तू मास्तर. तुझे बरे शब्द तुझ्यापाशी ठेव. आणि हेही लिही, माझ्या हाताखाली आठ जण तयार झाले. नावं नकोत. ज्याचं त्याला माहीत आहे."

अदोमाकोला माहीत नसायला काय झालं? बावीस वर्षांपूर्वी तो विमानातून उतरला तेव्हा एकोणीस रात्री हिच्याच स्वयंपाकघरात जमिनीवर झोपला होता. विसाव्या दिवशी सकाळी तिनं त्याला पिवळ्या हातमोज्यांचा जोड दिला आणि सोबत स्टेशनात नेलं. तिथं त्यानं आठ महिने काढले. पहिल्या दिवशी त्याला ओकारी आली, तर तिनं त्याला बाहेर बाकावर बसवलं आणि त्याच्या वाटचंही स्वतःच उरकलं. पुढे गोदामात नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी सेरवा झाली. बायकोला आणि मुलीला त्यानं सांगितलं होतं की आलो तो थेट बंदरावरच लागलो. एकदा सांगितल्यावर ते बदलायची हिंमत काही झाली नाही.

घरी येऊन त्यानं लिहिलं: 'सार्वजनिक आरोग्य क्षेत्रात प्रदीर्घ सेवा.' आठ जणांची ओळ त्यानं गाळलीच. मामेला वाचता येत नाही, हे त्यानं हिशेबात धरलं होतं. हे लिहायलाही लाज वाटते, पण धरलं होतं.

समारंभ शनिवारी दुपारी, शाळेच्या सभागृहात होता. बाजूच्या खोलीत सूप गरम होत होतं. नगरसेविका पहिल्या रांगेत बसली होती. परिचय वाचायला पंधरा वर्षांच्या सेरवाला उभं केलं होतं, कारण तिचं जर्मन सर्वांत स्वच्छ. अदोमाको त्या दिवशी ओच्यामे होता. वडीलधारी माणसं सभेशी थेट बोलत नाहीत. ती ओच्यामेला सांगतात, आणि तो सोनेरी मुठीची काठी हातात धरून त्यांचं बोलणं सभेपुढे मांडतो. त्यानं ते सजवावं, पण बदलू नये, असा नियम आहे. दर उन्हाळ्यात मुलांना हा नियम शिकवायचा अदोमाकोच.

मामेचा परिचय सेरवानं झोकात वाचला. टाळ्या पडल्या. मामेला वाचता येत नसेल, पण सत्तावीस वर्षं स्टेशनात काढलेल्या बाईला जर्मन ऐकून कळत नाही, असं याला का वाटलं कोण जाणे. तिनं बोटानं त्याला जवळ बोलावलं. एरवी ती हळू बोलायची. त्या दिवशी शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात, आपल्या भाषेत म्हणाली, "विचार यांना, हे कुणाबद्दल वाचलं?"

लोक हसले. अदोमाकोनं ते जर्मनमध्ये सांगितलं. पाहुणेही हसले.

"सांग, मी संडास धुतले. मोठ्या स्टेशनातले. सत्तावीस वर्षं."

त्यानं काठी या हातातून त्या हातात घेतली. "मामे म्हणते," त्यानं सुरुवात केली आणि तो शब्द कसाबसा बाहेर काढला.

"सांग, माझ्याकडे हातमोज्यांचे दोन जोड असायचे. एक माझा, एक नव्यानं उतरलेल्याचा. त्या जोडात आठ जणांनी हात घातले. आठही आज इथे आहेत. त्यांनी उभं राहावं. मला डोळे भरून बघायचंय."

जर्मन व्हायच्या आधीच खुर्च्या सरकल्या. पहिले उठले अध्यक्ष, मान खाली घालून, पण उठले. मग खजिनदारबाई. मग मागून एक एक करत पाच. सात झाले आणि थांबले.

अदोमाको उभाच होता. काठी घेतलेला माणूस उभाच असतो, त्याच्याकडे कोण बघणार? आपण सुटलो, असं त्याला वाटलं. पाहुण्यांकडे वळून तो म्हणाला, "मामे म्हणते, असे सात जण होते."

सभागृहातली डोकी त्याच्याकडे वळली. तिथल्या बहुतेकांना दोन्ही भाषा येत होत्या.

सेरवाला मात्र मायबोलीचे पन्नास शब्दही धड येत नव्हते. पण एक ते दहा येत होते. लहान असताना घराच्या जिन्यावर, पायरीला एक असे, ते बापानंच शिकवले होते. बाप चुकला, त्याला मदत करावी, एवढ्याच भावनेनं ती म्हणाली, आणि माईक तिच्या हातातच होता, "पपा, मामे आठ म्हणाली."

नगरसेविका हसून इकडेतिकडे आठवा माणूस शोधू लागली.

अदोमाकोनं मामेकडे पाहिलं. ती खांद्यावरचं वस्त्र नीट करत होती, त्याच्याकडे बघत नव्हती. तिनं त्याच्या वाटचे संडास धुतले होते, आणि त्यानं तिचं अख्खं आयुष्य एका ओळीत पुसून टाकलं होतं. त्या कामाची लाज त्यानं बावीस वर्षं बाळगली होती. आता त्याला स्वतःची वाटली.

काठी हातात असताना ओच्यामेला स्वतःचं बोलता येत नाही. त्यानं ती सेरवाच्या हातात दिली. मग रिकामी खुर्ची शोधून तो बसला. त्याला चक्कर आली असं वाटून कुणीतरी पाणी आणायला धावलं.

तो दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून उठला आणि उभा राहिला.

"मीही," तो म्हणाला. "आठ महिने." आणि मग सेरवाकडे बघत तेच जर्मनमध्ये म्हणाला.

मामे अचियानं बोट पुढे करून पहिल्यापासून मोजलं. अध्यक्षांपासून सुरू करून ती अदोमाकोपर्यंत आली आणि आपल्या भाषेत म्हणाली, "आठ."

सेरवानं काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. तिनं बापाकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे वळली.

"मामे म्हणते," ती म्हणाली, "आठ."