मोहाखालची हाक

माझ्या वहिनीचा बी.ए.चा इंग्रजीचा पेपर जवळ आला होता आणि ती ‘मिझरी’ या शब्दावर अडली. गाईडात अर्थ होता ‘दुःख’. एवढ्यावर भागवणाऱ्या गाईडवाल्यांचा मला, इंग्रजी शिकवून पोट भरत असूनही, भारी राग आहे. मी म्हटलं, दुःख येतं-जातं. मिझरी म्हणजे माणूस त्यातच राहायला जातो. उपाशी, आजारी, एकट्या माणसाबद्दल वापरतात. तडफडणारं जखमी जनावर मारून टाकलं, तर त्याची मिझरी संपवली असंही म्हणतात.

वहिनीने गाईड मिटलं. मग म्हणाली, “अन् मांगं राह्यलेल्याची कोन संपवते?”

माझ्या भावाला मागच्या चैत्रात जंगलात मोहाची फुलं वेचताना वाघाने नेलं. सापडला तो फक्त दुपट्टा. त्या जागी येणारा-जाणारा एक हिरवी फांदी टाकतो. ढीग कमरेएवढा झाला होता. वहिनीने मात्र एकही टाकली नव्हती. टाकली की माणूस गेला हे कबूल केल्यासारखं होतं, आणि ती अजून वाट पाहत होती.

यंदा ती पुन्हा मोहाला निघाली. मला धास्ती वाटली, म्हणून मीही गेले. फटफटायच्या आत बाया आपापल्या झाडाखाली पांगतात आणि कुणी चुकू नये म्हणून मधूनमधून एकमेकींना हाका मारतात. बाकीच्या ओ देतात. त्या दिवशी सगळ्यांची ओ देऊन झाली, आणि फांद्यांच्या ढिगाकडून पुरुषाची हाक आली. वहिनीचं नाव घेऊन. आमच्यात पुरुष कुणीच नव्हता.

वाघाने नेलेला आपल्याच माणसांना हाका मारतो आणि ओ दिली की वाघ येतो, असं आमच्याकडे म्हणतात. वर्गात मी ते हसण्यावारी नेलेलं आहे. तिथे मात्र माझी बोबडी वळली. बाया खाली मान घालून फुलं वेचत राहिल्या. वहिनीने तोंड उघडलं, मग पदराचा बोळा तोंडात कोंबला. हाक पुन्हा आली, जरा जवळून, आणि थांबली.

उजाडल्यावर परतताना तिने पळसाची फांदी मोडली आणि ढिगावर ठेवली. मी तिचा हात धरला.

“आवाज त्याईचाच होता, बाई,” ती म्हणाली. “मले जगायचं होतं, म्हनून मी ओ नाई देली.”