जिज्जी आणि हजारो आवाज

जिज्जी कुणाच्याही घरी गेली की चहा यायच्या आधी तिची नजर कपाटाच्या माथ्यावर जायची. तिथे कुणाचा डिनर सेट, कुणाचा मिक्सर, कुणाला लग्नात मिळालेली इस्त्री, असं काहीबाही खोक्यासकट ठेवलेलं असायचंच. ती बोट दाखवून विचारायची, "हे अजून बंदच?" घरची बाई गडबडून म्हणायची, "लागेल तेव्हा काढू." "कधी लागेल?" एवढं विचारून जिज्जी उत्तराची वाट पाहत बसायची. जिज्जी येणार म्हटलं की माझी आई कपाटावरच्या खोक्यांवर चादर टाकायची, आणि जिज्जी आल्या आल्या चादरीचा कोपरा उचलून बघायची.

तिचं नाव मालती गोरे. झाशीच्या स्टेशनवर पार्सल ऑफिसात तिने तीस वर्षं काढली. लग्न केलं नाही. लक्ष्मी गेटच्या आतल्या गल्लीत दोन खोल्यांत एकटी राहायची. आजूबाजूच्या बुंदेली बायका तिला जिज्जी म्हणत, म्हणजे थोरली बहीण. ते ऐकून आम्ही मराठी घरातलेही जिज्जीच म्हणू लागलो. माझी आई म्हणायची, मी म्हणायचे आणि आईहून मोठे असलेले काणेकाकाही जिज्जीच म्हणायचे. पार्सल ऑफिसने तिला एक सवय लावली होती. माणसाने कशाची बढाई मारली की ती म्हणायची, "लेबल वाचलं. अब माल दिखाओ."

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीला पेटी वाजवायची ती जिज्जीनेच. तिच्या वाजवण्यात फार कलाकुसर नव्हती, हे मी तिच्या प्रेमापोटी लपवणार नाही. पण एक गोष्ट मी दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही. ओळ संपली की ती शेवटचा स्वर धरून ठेवायची आणि मान वर करून हॉलभर बघायची. आमच्याकडे आरतीला उभ्या असलेल्यांपैकी निम्म्यांना मराठी धड बोलता येत नाही. तिसऱ्या पिढीची मुलं पुस्तिकेतून अक्षर लावत म्हणतात. सुना दुबे, सक्सेना, श्रीवास्तव घराण्यांतून आलेल्या. त्या सगळ्यांच्या तोंडून ओळ पुरी झाली की मगच जिज्जीची बोटं पुढे सरकायची. पुण्याहून आलेले पाहुणे म्हणायचे, तुमची आरती फार रेंगाळते बुवा. काणेकाका मंडळाचे सचिव, बँकेतून निवृत्त झालेले आणि घड्याळाशी लग्न लागलेले. तेही दर वर्षी सांगायचे, "जिज्जी, जरा चाल वाढवा." त्यावर तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "गाडी लेट झाली तर रेल्वेला शिव्या पडतील. पण सवारी खाली फलाटावर राहिली, तर ती कुठे जाणार?"

आता माझ्याबद्दल. मी तेव्हा सिविल लाइन्समधल्या एका कोचिंग क्लासच्या काउंटरवर बसायचे आणि घरी लॅपटॉपवर संगीत जुळवायला शिकत होते. शिकवणारं कुणी नव्हतं. इंटरनेटवरचे व्हिडिओ हेच गुरू. त्यातला प्रत्येक जण मागे निळे दिवे लावून बसायचा आणि गंभीर चेहऱ्याने सांगायचा की आवाज स्वस्त असतील तर तुमचं काम नवशिक्याचंच वाटणार. मग तो एक भलामोठा संच दाखवायचा. एकाच खरेदीत शेकडो वाद्यं, हजारो आवाज, व्हायोलिनचा ताफा, जगातले सगळे ढोल, सहा प्रकारच्या पेट्या. त्यावर सवलत, आणि सवलतीवर उलटं धावणारं घड्याळ. मी त्या संचाच्या पानावर रोज जायचे. कपड्याच्या दुकानाबाहेर उभं राहून काचेला नाक लावतात ना लोक, तशी माझी गत होती.

आषाढात जिज्जीला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. दवाखान्यातून घरी आल्यावर माणसं नारळपाणी घेऊन यायची आणि अरेरे म्हणायची. अरेरे म्हणणाऱ्याला ती दुसऱ्यांदा दारात उभं करायची नाही. "हात गेलाय," ती एकेक शब्द ओढून म्हणायची, "कान नाही गेले."

गणपतीला दीड महिना उरला होता. मंडळाच्या बैठकीत काणेकाका म्हणाले की यंदा मुंबईची तयार रेकॉर्डेड आरती लावू, सुबक होते आणि वेळेत संपते. माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, मी करते. आपलीच चाल घेऊन, लॅपटॉपवर." सगळ्यांनी वळून पाहिलं. मी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत म्हटलं होतं की मला हे येतं. आता नाही जमलं तर मुंबईची आरती येणार आणि आमची चाल एकदा गेली की कायमची जाणार, हे मला ठाऊक होतं. त्या धसक्याने मी घरी येऊन पहिलं काय केलं असेल, तर त्या संचाचं पान उघडलं. सवलतीचे चार दिवस उरले होते. साठवलेले पैसे होते. तरी हात धजेना, म्हणून लॅपटॉप उचलून जिज्जीकडे गेले. खरं सांगायचं तर मला तिचा सल्ला नको होता. तिने हो म्हणावं एवढंच हवं होतं.

त्या संचातले नमुने मी तिला ऐकवले. सहाच्या सहा पेट्या. तिने डोळे मिटून ऐकल्या.

"छान आहेत," ती म्हणाली. "तुझ्याकडे आत्ता काय आहे?"

"सॉफ्टवेअरबरोबर फुकट आलेले आवाज आहेत. साधे."

"किती उघडून पाहिलेस?"

वीस-पंचवीस पाहिले असतील. बाकीच्यांची नावंही वाचली नव्हती.

"नाचता येईना म्हणून लोक अंगण वाकडं म्हणतात," ती म्हणाली. बोलताना तिला धाप लागत होती, पण ओठाच्या चांगल्या बाजूने ती हसत होती. "ही बिटिया तर अंगणच नवं खरीदायला निघाली."

मला राग आला. मी म्हटलं, "जिज्जी, तुझा जमाना वेगळा. तू एका पेटीवर आयुष्य काढलंस, तुला यातलं काय कळतं?" आजारी माणसाशी असं बोलू नये, पण मी बोलले. ती अजिबात दुखावली नाही. उलट कित्येक आठवड्यांत तिच्याशी कुणी भांडलं नव्हतं, त्यामुळे तिला बरंच वाटलं असावं.

"घेऊ नको असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "आधी आहे त्यात आरती कर. जिथे अडशील तिथे कागदावर लिही, काय नव्हतं म्हणून अडलीस. मग त्या कागदावर असेल ते घे. आंधळ्यासारखा पूरा वॅगन बुक करायचा नाही."

सवलतीचं घड्याळ शून्यावर आलं तेव्हा मी पडद्यासमोर बसून होते, आणि कुणी माझं हक्काचं काही हिसकावून नेल्यासारखं मला वाटलं. पुढे कळलं की ती 'शेवटची संधी' दिवाळीत परत येते, नाताळात येते, मार्चमध्येही येते. पण तेव्हा मी जिज्जीच्या नावाने बोटं मोडली आणि फुकटच्या आवाजांवर कामाला बसले.

महिनाभर खपले. पेटी, बासरी, तबला, मागे व्हायोलिनसारखं काहीतरी, शेवटी झांजा. कागदही केला होता. त्यावर 'व्हायोलिन कृत्रिम वाटतं' आणि 'झांज पत्र्यासारखी' अशा दोनच ओळी होत्या. गणपतीच्या आठ दिवस आधी हॉलमध्ये तालीम ठेवली. जिज्जीला रिक्षातून आणून पुढच्या खुर्चीत बसवलं. मी लॅपटॉप स्पीकरला जोडला आणि आरती लावली.

पहिली ओळ सगळ्यांनी मोठ्याने म्हटली. सवयीप्रमाणे शेवटचा स्वर लांबवला, आणि माझी आरती ठेक्यात दुसऱ्या ओळीत निघूनही गेली. लोक धावत तिच्यामागे आले. तिसऱ्या ओळीला पुस्तिकेत बघणारी मुलं गळाली. मग सुना थांबल्या. कडव्याच्या शेवटी फक्त चार म्हातारे आणि लॅपटॉप उरले, आणि त्यातही लॅपटॉप पुढे होता. मागे कुणीतरी हसलं. मी बटण दाबून ते बंद केलं.

काणेकाका मायेनेच म्हणाले, "अगं, आवाज साधे आहेत ना, म्हणून उठाव येत नाही. ते तुझं महागाचं काय आहे ते घे. अर्धे पैसे मंडळ देईल."

महिन्याभरापूर्वी हे वाक्य ऐकलं असतं तर मी त्यांच्या पाया पडले असते. त्या क्षणीही मला ते वाक्य धरून ठेवावंसं वाटलं, कारण त्यात माझा दोष नव्हता. दोष आवाजांचा होता.

तेवढ्यात जिज्जीने डाव्या हाताने खुर्चीच्या दांडीवर थाप मारली.

"आवाजात खोट नाही," ती म्हणाली. तिला ते वाक्य पुरं करायला इतका वेळ लागला की काणेकाका मध्ये बोलायला गेले. तिने त्यांना हातानेच थांबवलं. "ही थांबत नाही. सोन्याचा बाजा आणा. थांबला नाही तर काय कामाचा?"

रिक्षात बसताना ती मला म्हणाली, "उद्यापासून ये. तो छोटा कीबोर्ड आण."

माझ्याकडे दोन सप्तकांचा कीबोर्ड होता, लॅपटॉपला जोडायचा. त्याचा उपयोग मी एकेक सूर नोंदवून घ्यायला करायचे. त्यावर सलग वाजवावं लागेल असं मनात कधी आलंच नव्हतं. मला वाजवणारी व्हायचंच नव्हतं, मला पडद्यावर रचणारी व्हायचं होतं. हे मी तिला सांगून पाहिलं. तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशीची वेळ सांगितली.

सात दिवस मी कोचिंग सुटल्यावर तिच्याकडे जात होते. तिने बासरी काढायला लावली, तबला काढायला लावला, व्हायोलिन तर पहिल्याच दिवशी. राहिला पेटीचा एक साधा आवाज. मी वाजवायचे आणि ती जड जिभेने आरती म्हणायची. तिच्या तोंडून ओळ पुरी व्हायला भलताच वेळ लागायचा. मी पुढे गेले की ती डाव्या हाताने माझं मनगट धरायची. "मी चढले नाही अजून." चौथ्या-पाचव्या दिवशी मला कळलं की ती मला मुद्दाम तिच्या त्या तुटक बोलण्यामागे थांबायला लावते आहे. जे बोलणं ऐकून लोक अरेरे म्हणत होते, त्याचाच तिने माझ्यासाठी धडा केला होता. "आता कुणाच्याही मागे थांबशील," सातव्या दिवशी ती म्हणाली. "माझ्याइतकं हळू झाशीत कोई नहीं गाता."

गणपतीच्या दिवशी काणेकाकांनी लॅपटॉपकडे पाहून विचारलं, "एकच आवाज?" मी म्हटलं, "एकच." मुंबईची आरती त्यांच्या मोबाइलमध्ये तयार होती हे मला माहीत होतं. मी पहिली ओळ वाजवली, स्वर धरला आणि मान वर केली. मागच्या रांगेत नवी सून पुस्तिकेत बोट फिरवत होती. तिचे ओठ थांबेपर्यंत मी थांबले. मग पुढे. व्हायोलिन कृत्रिम आहे की खरं, हे त्या दिवशी कुणाच्या डोक्यातही आलं नाही. हॉल गात होता. आरती नेहमीसारखीच रेंगाळली आणि मला त्याचा अभिमान वाटला. आजही वाटतो.

त्यानंतर मी या कामातच पडले. लग्नांच्या व्हिडिओंना, शाळांच्या संमेलनांना संगीत करून देते. दोन वर्षांनी एका कामात खरोखर व्हायोलिनपाशी अडले. फुकटच्या आवाजांची प्रत्येक फाइल उघडून झाली होती. तेव्हा मी व्हायोलिनचा एक चांगला संच विकत घेतला, तेवढाच. जिज्जीला जाऊन कागद दाखवला. तिने तो वाचला आणि म्हणाली, "पास." हजारो आवाजांवाचून तुझं अडेल असं मला सांगणारे अजून भेटतात. त्यांना मी माझं काम ऐकवते आणि विचारते, सांगा, कुठे अडलंय. नव्याने शिकणाऱ्या मुली येतात, त्यांनाही हेच सांगते. काहींना राग येतो. येऊ दे, मलाही आला होता.

जिज्जी गेल्या फाल्गुनात गेली. झोपेत गेली, कुणाला उठवलं नाही. मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा होती. काणेकाका स्पीकर घेऊन आले होते. एका मोठ्या गायकाचं भजन त्यांनी लावायला काढलं होतं.

"काका, ते राहू द्या," मी म्हटलं.

"अगं, आज तरी सगळं नीट होऊ दे. तुलाही जमायचं नाही आज."

"आजच जमवणार."

मी कीबोर्ड जोडला. जिज्जीला आवडायचं ते भजन धरलं. मंडळात ते पहिल्यापासून काणेकाकांच्या आवाजावर चालायचं, ते म्हणणार आणि बाकीचे मागून. पहिली ओळ त्यांनी म्हटली. दुसरीच्या मध्यावर त्यांचा आवाज फुटला आणि ते थांबले. त्यांच्यामागून सगळा हॉल थांबला. मी स्वर धरून ठेवला. काकांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि मला हाताने खूण केली, तू जा पुढे. मी गेले नाही. त्यांनी पुन्हा खूण केली, या वेळी जरा चिडून. लोक माझ्याकडे बघू लागले, आईनेही डोळे मोठे केले. मी बोट उचललं नाही. काणेकाकांची ओळ काणेकाकाच पुरी करणार होते, आणि ती होईपर्यंत मी तिथून हलणार नव्हते.