अख्खी गोळी

अख्ख्या हैदराबादेत एकट्यानं काही खायची लाज वाटणारा माणूस एकच, तो म्हणजे माझे धाकटे दीर. इराणी हॉटेलात चहा सांगायचा तो वन बाय टूच, म्हणजे एक चहा दोघांत; सोबत कुणी नसलं तर शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाला म्हणणार, "आओ मियाँ, आधा तुमारा." उस्मानिया बिस्किटाचा मोठा तुकडा नेहमी दुसऱ्याला. एकदा मी त्यांना डोकेदुखीची गोळी दिली, तर म्हणाले, "अर्धी तुम्ही घ्या, वहिनी." "अहो भावजी, माझं डोकं कुठं दुखतंय?" "दुखंल की. मी हाये ना घरात!"

अशा माणसाला एचआयव्ही निघाला. आमच्या अंबरपेठच्या घरात तेव्हा केबल नवी नवी होती, पण ती लावायचं कुणाला सुचेना. भावजी वाळून काडी झालेले. मग सरकारी दवाखान्यात त्यावरच्या गोळ्या फुकट मिळू लागल्या. सकाळी एक, रात्री एक, जन्मभर. दोन-तीन महिन्यांत त्यांना अन्न जायला लागलं, शर्ट अंगावर बसायला लागला, आणि वाटून खायची खोडही परत आली.

दवाखान्यात त्यांना दिलसुखनगरचा एक टेलर भेटला होता. दुखणं तेच, पण ओळखीचं कुणी बघेल म्हणून हा रांगेतून पळायचा. भावजींनी काय करावं? आठवडाभर सकाळची गोळी स्वतः घेतली आणि रात्रीची त्याला नेऊन दिली! वर डॉक्टरीणबाईंना ऐटीत सांगितलं, शाबासकी मिळेल म्हणून. मी शेजारीच बसले होते. बाईंनी पेन खाली ठेवलं. "ये चाय है क्या? वन बाय टू?" मग समजावलं, की अर्ध्या औषधानं विषाणू दबत नाही, उलट औषधाला सरावतो; पुढं अख्खी गोळीही लागू पडेनाशी होते.

भावजी पांढरेफटक. "माझं ऱ्हाऊ द्या, त्याचं बी मीच बिघडवलं का?"

दुसऱ्या दिवशी टेलरला हाताला धरून रांगेत उभं केलं. त्याची गोळी त्याच्या नावानं सुरू झाली. भावजींचं रक्त पुन्हा तपासलं ते काही महिन्यांनी. "रोगाशी लढणाऱ्या पेशी वाढल्यात, औषध चालतंय," बाई म्हणाल्या, आणि मी तिथंच बाकावर बसून रडले बाई! भावजी म्हणतात, "वहिनी, चला, चहा. वन बाय टू."

आजही आठ वाजले की भावजी आमच्याकडे पाठ करतात आणि चोरून खाल्ल्यासारखी अख्खी गोळी एकटे गिळतात. मी मागून बघत राहते. त्यांच्या डोक्यावरचे सगळे केस पिकलेत. पिकतील असं तेव्हा कुणाला वाटलं होतं!