इथंच बस, हलू नको

जर्मनीत आमची अक्का हरवली नव्हती. मी तिला गाडीत सोडून गेलो होतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. अक्काला सांगायचा प्रश्नच नव्हता, तिला ते माहीत आहे.

अक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो आणि अक्काला भोकरच्या शाळेत नुकतीच नोकरी लागली होती. नांदेडहून रोज रेल्वेनं अप-डाऊन. मला घरी बघायला कुणी नाही, म्हणून ती मलाही बरोबर न्यायची. स्टेशनात बाकावर बसवायची आणि म्हणायची, "इथंच बस, हलू नको. मी आलेच." तिकीट काढून यायची. मी बाकाची कड घट्ट धरून बसलेलो असायचो.

पुढं तिनं लग्न केलं नाही. मी नोकरीला लातूरला आलो, ती नांदेडलाच आपल्या दोन खोल्यांत राहिली. रिटायर झाल्यावर तर तिला रानच मोकळं झालं. मनात आलं की पिशवी उचलायची. आज भोकरला कुण्या जुन्या विद्यार्थिनीकडं, उद्या अहमदपूरच्या मावसबहिणीकडं, परवा आमच्या दारात. येते म्हणून फोनसुद्धा करायची नाही. बायको म्हणायची, "वन्संच्या पायाला चाकं लावून दिलीत देवानं."

मुलगा जर्मनीत नोकरी करतो. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात त्यानं आम्हा तिघांना बोलावून घेतलं. बायकोला रजा मिळाली नाही, म्हणून मी आणि अक्का दोघंच गेलो. मुलगा कामावर गेला की मी आणि अक्का रेल्वेनं फिरायचो. खरं तर अक्का फिरायची, मी धास्तीत असायचो. तिकिटाच्या मशीनपुढं उभा राहिलो की मागच्या माणसाचा श्वास मला मानेवर लागायचा. आपण चुकू, लोक बघतील, हसतील. अक्काला त्याची फिकीर नव्हती. ती कुणालाही सरळ मराठीत विचारायची, हातानं दाखवायची, आणि लोक तिला समजावून सांगायचे. मला त्याचाच राग यायचा.

त्या दिवशी आम्हाला एक तळं बघायला जायचं होतं. सकाळी बूट घालताना मुलगा म्हणाला, येताना पुढच्या डब्यांत बसा, वाटेत एका स्टेशनवर गाडीचे दोन भाग होतात, मागचा भाग दुसऱ्या गावाला जातो. मी हाव म्हणालो. ऐकलं आणि सोडून दिलं.

परतीला गाडी सुटायच्या बेतात होती. अक्काचे गुडघे दुखून राहिले होते, म्हणून समोर आला त्या डब्यात चढलो. तो मागचा होता. डब्यात कुणी बोलत नव्हतं. अक्कानं पिशवीतून स्टीलचा डबा काढला. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. लसणाचा वास सगळ्या डब्यात पसरला. समोर जांभळ्या केसांची एक पोरगी बसली होती. अक्कानं तिच्यापुढं डबा धरला. "घे बाई, लई तिखट न्हाई." ती हसून मान हलवत होती, अक्का आग्रह करत होती. पलीकडच्या माणसानं पुस्तक खाली करून आमच्याकडं बघितलं. फक्त बघितलं, बाकी काही नाही. पण माझे कान गरम झाले. मी अक्काला दबक्या आवाजात म्हणालो, बस कर. तिला ऐकूच गेलं नाही.

मी उठलो. "इथंच बस, हलू नको," म्हणालो. कुठं चाललास, असं तिनं विचारलं नाही. तिनं वेगळंच विचारलं.

"डबा तुटत न्हाई ना रे पुढं?"

आमच्याकडं पूर्णा जंक्शनला डबे तोडून दुसऱ्या गाडीला जोडायचे. तिच्या पिढीचं माणूस गाडीत बसलं की आधी हेच विचारतं. मी म्हणालो, "अक्का, हे भोकर न्हाई."

पुढं जायला वाट नव्हती. डबा जिथं संपला तिथं नुसती काच होती. सकाळचं बोलणं तेव्हाच आठवायला पाहिजे होतं. पुढच्या स्टेशनवर उतरलो, फलाटावरून झपझप चालत पुढच्या डब्यात चढलो, आणि खिडकीशी एकटा बसलो. एवढं बरं वाटलं, की ते आठवलं तरी आज लाज वाटते. कुणी माझ्याकडं बघत नव्हतं. मी कुणाचा कुणी नव्हतो.

मध्ये एका स्टेशनात गाडी जरा जास्त थांबली. काहीतरी सांगितलं गेलं, कळलं नाही. मुलाचं गाव यायच्या आधी, अक्काला घेऊ म्हणून, मी एक स्टेशन अगोदर उतरलो. फलाटावरून मागं चालत गेलो. माझ्या डब्याच्या मागं गाडीच नव्हती. नुसते रूळ.

अक्का शेवटच्या स्टेशनपर्यंत गेली होती. गाडी रिकामी झाली तरी ती जागेवरून उठेना. रेल्वेची माणसं आली, तिनं त्यांना मुलाचा तिकडचा नंबर इंग्रजी आकड्यांत तोंडपाठ सांगितला. पोरांकडून पाढे म्हणून घ्यायची, तसा तिनं तो पाठ करून ठेवला होता. मुलगा जाऊन तिला घेऊन आला. जेवणाची वेळ उलटून गेली होती, तरी बाहेर ऊन होतं.

त्याच्या आधीच मी मुलाला फोनवर सांगून मोकळा झालो होतो. आम्ही पुढच्याच डब्यात बसलो होतो, मी बाथरूमला गेलो, परत आलो तर अक्का जागेवर नाही, उठून, स्टेशनवर उतरून मागं कुठंतरी जाऊन बसली असणार. मुलानं तिला पाणी दिलं आणि अगदी हळू विचारलं, "आत्या, आपण कुठं बसलो होतो ते लक्षात नाही राहिलं का?"

अक्कानं माझ्याकडं बघितलं. मी पायातले बूट काढत होतो, काढतच राहिलो.

"न्हाई रे बाबा," ती म्हणाली, "न्हाई राहिलं ध्यानात."

बाकीचं आपोआप झालं. लातूरला बायकोला कळलं, मग सगळ्या नातेवाइकांना. वन्संना आता विसरायला होतं. एकट्यांना नांदेडला कसं ठेवायचं? सगळे काळजीनंच बोलत होते, कुणाचं वाईट नव्हतं. ज्या बाईनं परदेशातला नंबर घडाघडा म्हणून दाखवला तिला विसरायला कसं होतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या आलं. अक्काच्या दोन खोल्यांना कुलूप लागलं, किल्ली माझ्या कपाटात आली. ती आमच्याकडं असते. भाजी निवडते, टीव्ही बघते. कोपऱ्यावरच्या देवळात निघाली तरी कुणीतरी बरोबर जातं.

मागच्या महिन्यात भोकरहून तिच्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. मुलीचं लग्न आहे, बाई, यायलाच पाहिजे. अक्कानं बायकोला विचारलं. बायको म्हणाली, "एकट्या कशा जाल वन्सं?" आणि माझ्याकडं बघितलं. मी पेपर वाचत होतो. बघू म्हणालो.

बायको आत गेल्यावर अक्का माझ्याशेजारी येऊन बसली. एवढ्या वर्षांत त्या दिवसाचं ती कधी बोलली नव्हती. पेपराकडं बघतच म्हणाली, "तू नुसतं गाडीत बसवून दे. आता मी विचारणार न्हाई, डबा तुटतो का म्हणून."

मी पान उलटलं. लग्न होऊन गेलं. अक्का गेली नाही.

नांदेडच्या घराची किल्ली मला तिला परत द्यायची आहे. आणि त्याआधी बायकोसमोर, मुलासमोर एक गोष्ट सांगायची आहे: मी जिथं बस म्हणालो तिथंच अक्का बसली होती, उठून गेलो तो मी. हे तिचं देणं मी अजून दिलेलं नाही.